महारुद्रचं हँडल

महारुद्र मेला तर अंबादासला काय मिळणार होतं?

फौजदार वसंतरावांनी बोटांवर मोजलं. एक, येडशी स्टेशन ते तुळजापूर हा अख्खा रस्ता. देवीच्या यात्रेकरूंना नेणाऱ्या इथं दोनच मोटरी. महारुद्रची थांबली की उरली अंबादासची. दोन, आदल्याच दिवशी स्टेशनसमोर चारचौघांत महारुद्रनं लगावलेल्या थपडेची भरपाई. तीन, मोटर बिघडली की तालुक्यातले लोक आधी महारुद्रला विचारत आणि मग अंबादासकडं येत. तो मान.

तीन बोटं मुडपली आणि फौजदारांचं समाधान झालं. चौथं बोट मुडपायची त्यांना सवयच नव्हती. ही गोष्ट त्या चौथ्या बोटाची आहे.

मार्गशीर्षातला शनिवार होता, सत्तावन्न साल. सकाळची छोटी रेल्वे येडशीला येऊन गेली, यात्रेकरू गाठोड्यांवर बसून राहिले, पण महारुद्रची मोटर आली नाही. ती कोसभर अलीकडं, रामलिंगच्या वळणावर उभी होती. आणि तिच्या तोंडाशी, बंपरला टेकून, महारुद्र कलंडला होता.

आधी पाहिलं लिंबाजीनं. तो मेंढरं घेऊन वरच्या माळावर होता. तो खाली उतरतो न उतरतो तोच तेरखेड्याच्या अंगानं बाबूरावशेठची जीप वर आली. शेठचा फटाक्यांचा कारखाना तेरखेड्याच्या बाहेर माळावर. शेठनं जीप थांबवली, कपाळावर हात मारला आणि तसेच फौजदारांना आणायला गेले. पोलिसांना गाडी नव्हती. फौजदार शेठच्याच जीपमधून आले आणि शेठनाच पंच केलं. प्रतिष्ठित माणूस, वर गाडी असलेला. पंच म्हणून आणखी काय हवं?

पंचनामा जमादारानं लिहिला. तो असा :

"मयताच्या डाव्या कानामागं कवटी खचलेली. डावा जबडा फुटून दात बाहेर. उजव्या हाताची मूठ हँडलवर, अंगठा बोटांवरून वळवलेला. हँडल बंपरच्या भोकात. बॉनेट बंद. चाकाशी पाण्याचा पत्र्याचा डबा, भरलेला, बूच घट्ट. धोतर ओलं, सदरा कोरडा. करदोड्याला काळा ताईत एक, पितळी पट्टी असलेला. खिशात विड्या व काडीपेटी."

"अपघात," फौजदार म्हणाले. "हँडल उलटलं."

महारुद्रच्या मोटरीचा सेल्फ-स्टार्टर कधीच मेला होता. बंपरच्या भोकात लोखंडी हँडल घालून, हातानं फिरवून ती सुरू करावी लागे, हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक. आणि इंजिन बिघडलं असलं की हँडल उलटा झटका देतं, मनगट मोडतं, जबडा फोडतं, हेही सगळ्यांना ठाऊक.

"खरंय," बाबूरावशेठ हळहळले. "मी खालच्या वळणावर जीप थांबवून जरा पाय मोकळे करत होतो. मोटर दोनदा फट्फट् करून बोलली. मग किंकाळी. वर येऊन बघतो तर हे." मग जरा थांबून, कुणाला दोष देतोय असं वाटू नये अशा बेतानं, "काल दुपारी ही मोटर अंबादासकडं होती ना हो दुरुस्तीला? ते टायमिंग का काय म्हणतात, ते पुढं ओढून ठेवलं की हँडल उलटतं म्हणे. आपल्याला बुवा त्यातलं काय कळतं!"

लिंबाजी काठीवर हनुवटी टेकून उभा होता. "अमीनसाहेब," तो म्हणाला. निजामाचं राज्य जाऊन नऊ वर्षं झाली तरी म्हातारी माणसं फौजदारांना अमीनसाहेबच म्हणत. "म्या वरच व्हतो. मोटर बोलल्याली म्या न्हाय ऐकली. धाप, धाप, आसं दोनदा ऐकलं. वल्या पोत्यावर बडवल्यागत."

"मेंढक्या, तुझ्या कानात मेंढरांची बेंबें भरलीय. लिहू नका रे हे."

ते लिहिलं गेलं नाही.

अर्ध्या तासात बातमी स्टेशनवर पोचली. अंबादास आपल्या मोटरीखाली उताणा पडून नट आवळत होता. लोकांनी त्याला पायांना धरून बाहेर ओढलं. पाठीची कातडी खडीवर सोलत आली. आदल्या दिवशीच्या भांडणात तो ओरडला होता, "तुजं हँडल येक दिवस उलटंल, आन म्या बघत बसंन!" आता ते वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं. कुणाच्या हातात चप्पल होती, कुणाच्या हातात पाना. पहिले दोन दात प्लॅटफॉर्मच्या पायरीवर पडले. त्याची बायको सिताबाई मधे पडली, तिच्या कपाळावरून रक्त ओघळलं. पोलिसांनी त्याला सोडवलं आणि चौकीत नेऊन तेच काम पुढं चालू केलं.

"टायमिंग कधी ओढलंस?"

"म्या प्लगं पुसली साहेब, दुसरं कायबी न्हाय."

"थप्पड का खाल्लीस?"

"पॅसेंजर माज्याकडं वढलं म्हणून. रोजचंच हाय ते आमचं. सांजंला परत येक चहा दोघांत."

फौजदारांनी जमादाराला खूण केली. जमादारानं अंबादासचा उजवा पंजा टेबलावर दाबून धरला. फौजदारांनी लाकडी रूळ उभा धरला आणि अंगठ्यावर आपटला. काडी मोडल्यासारखा आवाज झाला. अंबादासनं कबुली दिली नाही. तो बेशुद्ध पडला.

कबुली नाही तर कागद हवा. सोमवारी सकाळी आरोपीला उस्मानाबादेला कोर्टासमोर उभं करायचं. त्याआधी कुणा जाणत्या मिस्त्रीनं लिहून द्यायला हवं की मोटरीचं टायमिंग मुद्दाम बिघडवलंय. पंचक्रोशीतले जाणते मिस्त्री दोन. एक मेला होता, दुसरा कोठडीत होता. मग लांब जळकोटहून, हैदराबाद रस्त्यावरच्या नागप्पाला बोलावणं गेलं.

नागप्पा रविवारी सकाळी लॉरीतून उतरला. पन्नाशीचा, गालात पान, खांद्यावर अवजारांची पिशवी, बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी वळणाचं. चौकीच्या दाराशी सिताबाई कपाळाला फडकं बांधून बसली होती. तिनं त्याचे पायच धरले.

"दादा, तुमच्या हातात हाय समदं. तुमी लिवलं की त्यास्नी फाशी."

"अय्यो, उठ की बाई. मी मोटरीचा डॉक्टर हाय, फाशीचा न्हाय." तो फौजदारांकडं वळला. "साहेब, पेशंट बघायच्या आधी मी घरच्यास्नी विचारतो. मोटरीची सवय काय, खाणं काय. मेलेल्याचं घर कुठं?"

"वेळ घालवू नको."

"वाटंवरच असंल की ओ."

घर वाटेवरच होतं. महारुद्रची बायको बानूबाई भिंतीला टेकून बसली होती. तिचे डोळे कोरडे होते.

"मोटर सकाळी त्रास द्यायची का, वैनी?"

"न्हाय. रोज पाटंला रामलिंगाच्या झऱ्याला न्यायचे. वळणावर उभी करायची, खाली उतरून आंघूळ करायची, मोटरीसाठी डबा भरून आणायचा, मंग टेसनावर."

"वळणावर एकटीच सोडायचे? कुणी नेली मजी?"

"येकदा नेली व्हती की. मागल्या यात्रंत तिघं दारूडे फिरवून आले. तवापासून म्हणायचे, आता माज्याबिगर ती जागची हालत न्हाय."

"अंबादासशी वैर?"

"कुत्र्यामांजराचं. येका ताटात खाऊन भांडायचे." ती थांबली. मग आपणहून म्हणाली, "त्यास्नी झोप न्हवती, मिस्त्री. दिवाळीच्या आदी तेरखेड्याच्या माळावर फटाक्याची खोली पेटली. ह्ये मोटर घेऊन तितूनच चाललं व्हते. आत तीन बाया. मथुराबाई, म्हाळसाबाई, तुळजाबाई. दाराला भायेरनं कडी. सणाचा माल पुरा झाल्याबिगर बायांनी घरी जाऊ नये म्हून लावल्याली. ह्यांनी हँडलानं कडी तोडली. तिगींना मोटरीत घातलं. दवाखान्याच्या दारात शेवटची गेली. अजून त्या सीटांना वास येतो."

"आणि मालक काय म्हणतो?"

"दार सताड उगडं व्हतं, बायांनीच विडी वढली म्हून पेटलं, आसं. उद्या, सोमवारी, ह्यांची गवाही व्हती कोर्टात. कडी तोडताना हँडलाला खोक पडली, ती बी दाखवणार व्हते."

नागप्पानं पान थुंकलं. "मालकाचं नाव?"

"बाबूरावशेठ."

फौजदार बाहेरून ओरडले, "मिस्त्री, चल! शेठ जीप घेऊन खोळंबलेत!"

बघा, चौथं बोट मुडपलं. पण नुसत्या बोटानं कुणी फासावर जात नाही. फायदा तर अंबादासचाही होता. आणि लिंबाजीचा? महिन्याभरापूर्वी महारुद्रच्या चाकाखाली त्याची तीन मेंढरं गेली होती. त्या दिवशी कुऱ्हाड घेऊन तो मोटरीमागं पळाला होता, हे जमादारानं वाटेत मोठ्या चवीनं सांगितलं.

वळणावर मोटर तशीच उभी होती. बंपरवर रक्ताचा तपकिरी पापुद्रा. बेड्या घातलेला अंबादास दगडावर बसला, सुजलेला अंगठा कुशीत धरून. लिंबाजीला हजर राहायला फर्मावलं होतं, तो मेंढरांच्या कळपासकटच हजर होता. बाबूरावशेठ रुमालानं नाक दाबून उभे होते.

नागप्पानं आधी मोटरीभोवती एक चक्कर मारली. मग बंपरच्या भोकातलं हँडल पुढं ढकललं, तोल सांभाळला आणि फिरवलं.

खर्रर्र-खट्.

पुन्हा. खर्रर्र-खट्. हँडल अर्धी फेरी घेई आणि आत कुठं तरी निसटे. दहा वेळा फिरवलं. मोटर ना खोकली, ना शिंकली.

"हा आवाज कसला?" फौजदारांनी विचारलं. "टायमिंगचाच ना?"

"दाताला दात भेटंना, त्याचा हाय." त्यानं हँडल उपसून उन्हात धरलं, टोकापासून मुठीपर्यंत अंगठा फिरवला. गुळगुळीत होतं. त्यानं ते खाली ठेवलं. मग बॉनेट उचललं. प्लगांना ठिणगी वाटून देणारी काळी वाटी दोन कड्या उघडून काढली आणि आत बघत राहिला. इतका वेळ की फौजदारांनी घड्याळ काढलं.

"काय ते लिहून दे एकदाचं!"

"लिवतो की. त्याआधी साहेब, तो तुमचा पंचनामा जरा वाचून दावा."

"तुला काय करायचाय पंचनामा?"

"पेशंटचा जुना कागद बघितल्याबिगर मी औषध देत न्हाय."

जमादारानं वाचून दाखवला. नागप्पा डोळे मिटून ऐकत होता. 'अंगठा बोटांवरून वळवलेला' इथं त्यानं मान हलवली. 'डबा भरलेला, बूच घट्ट' इथं पुन्हा. 'करदोड्याला काळा ताईत' इथं त्यानं डोळे उघडले.

"तो ताईत कुठाय?"

"मुद्देमालाच्या पुडक्यात, चौकीत."

"आणा."

"अरे, मेलेल्या माणसाचा ताईत..."

"साहेब, त्या ताइताबिगर ही मोटर बोलणार न्हाय. आन मोटर बोलल्याबिगर मी बी न्हाय."

जमादार सायकलवर गेला. तो येईपर्यंत नागप्पानं एक खेळ मांडला. "बसून काय करताय? एकेकानं हँडल धरून दावा बघू. जोर कुणात हाय ते कळू दे. लिंबाजी, ये."

लिंबाजीनं मूठ आवळली. चारी बोटं एका बाजूनं, अंगठा दुसऱ्या बाजूनं वळवून त्यांच्यावर. कुऱ्हाडीचा दांडा धरावा तशी.

"शेठ, तुमी?"

"मला कशाला?" शेठ हसले, पण सगळे बघत होते. त्यांनी धरलं. तशीच मूठ, अंगठा बोटांवर.

"अंबादास."

बेडीतल्या हातानं अंबादास पुढं झाला. तुटलेला, काळानिळा अंगठा. तरी हँडलला हात लागताच तो अंगठा आपोआप बोटांच्याच बाजूला जाऊन टेकला. वेदनेनं त्याचं तोंड वाकडं झालं, पण सवय मोडली नाही.

नागप्पा हसला. "बास. बस खाली."

पुडकं आलं. लाख फोडली. नागप्पानं करदोडा सोडवला आणि त्याला अडकवलेला काळा तुकडा तळहातावर घेतला. अंगठ्याच्या पेराएवढा, वर पितळी पट्टी.

"ह्याला ताईत म्हणायला पंचाचंच डोळं पायजेत. साहेब, हा रोटर. ह्यो वाटीत फिरतो, तवा प्लगाला ठिणगी पोचते. ह्यो काढला की मोटर मजी नुसता लोखंडाचा गठ्ठा. फुरफुरणार न्हाय, फट्फटणार न्हाय. माज्याबिगर हालत न्हाय, असं महारुद्र बायकोला म्हणायचा ते ह्यासाठी. मोटर उभी केली की रोटर काढायचा, करदोड्याला बांधायचा, आन आंघूळीला उतरायचा."

फौजदार गोंधळले. "म्हणजे?"

"मजी तो मेला तवा मोटरीचा जीव त्याच्या कमरंला व्हता. जी मोटर पेटूच शकत न्हाय, तिचं हँडल उलटतं कसं?"

माळावर एक मेंढरू ओरडलं.

"टायमिंग ओढलं, अपघात झाला, समदं खोटं," नागप्पा म्हणाला. "डबा भरलेला, बूच घट्ट, बॉनेट बंद, धोतर वलं. तो झऱ्यावरनं नुसता वर आला व्हता. पाणी घालायचं ऱ्हायलं, रोटर घालायचा ऱ्हायला. हँडल काढायचं बी ऱ्हायलं. कुणी तरी मागनं आलं. पयला घाव कानामागं. तो वळला, खाली जाता जाता. दुसरा जबड्यावर. लिंबाजीनं ऐकलं ते दोन, धाप, धाप."

लिंबाजीनं जमिनीवर काठी आपटली. "म्या काय सांगत व्हतो!"

"मग मारणाऱ्यानं हँडल भोकात घातलं आन मेलेल्याची मूठ त्याच्यावर वळवली. हितंच चुकला. हँडल फिरवणारा माणूस अंगठा कधी पलीकडनं वळवत न्हाय. उलटलं तर अंगठाच जातो. पयल्या दिवशी उस्ताद शिकवतो ते हेच. अंबादासचा अंगठा तुमी मोडला, तरी त्यो शिकवणी विसरला न्हाय. मगाशी बघितलं न्हवं?"

फौजदारांचा चेहरा पडला. पण हार मानणं त्यांच्या हुद्द्याला शोभत नव्हतं. "म्हणजे मोटरीतलं न कळणारा. म्हणजे लिंबाजी!" त्यांनी जमादाराला खूण केली. "मेंढरांचा सूड! धर त्याला!"

"थांबा की ओ." नागप्पानं मोटरीचं मागचं दार उघडलं. आत जळक्या मांसाचा जुना वास कोंडला होता. त्यानं मागची सीट उचलली. खाली गोणपाटात गुंडाळलेलं एक जाड हँडल होतं. मधोमध खोक, खोकेत कडीचा हिरवा रंग अजून अडकलेला.

"हे महारुद्रचं हँडल. जागचं हाललंच न्हाय." त्यानं ते खालच्या हँडलाशेजारी ठेवलं. भोकात सापडलेलं ते बोटभर बारीक, दातही वेगळे. "आन हे दुसरं. म्हणून तो आवाज. खर्रर्र-खट्. परक्या हँडलाचा दात ह्या मोटरीला लागत न्हाय. मारणाऱ्याला वाटलं, समदी हँडलं सारखीच. आता बघा."

त्यानं रोटर वाटीत बसवला, कडी लावली, खोकेचं हँडल भोकात घातलं. एक फेरी. दुसरी. तिसऱ्या फेरीला महारुद्रची मोटर गुरगुरली आणि सुरू झाली. अंबादासच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"साहेब," नागप्पा आवाज चढवून म्हणाला, "लिंबाजीकडं मेंढरं हाईत, कुऱ्हाड हाय. हँडल न्हाय. हे बारीक हँडल कुठल्या गाडीचं, ते तिलाच इचारू या."

तो सरळ बाबूरावशेठच्या जीपकडं चालत गेला.

"ए! माझ्या गाडीला हात लावायचा नाही!"

"भेता कशाला शेठ? आपल्याला त्यातलं काय कळतं!"

किल्ली जीपमध्येच होती. नागप्पानं ती फिरवली, हँडल पुढच्या भोकात घातलं. या वेळी खर्रर्र झालं नाही, खट् झालं नाही. दाताला दात भेटला. एकाच झटक्यात जीप सुरू झाली.

"लई दिवसांची वळख दिसते," नागप्पा म्हणाला. त्यानं जीपची सीट उचलली. हँडल अडकवायच्या दोन पकडी रिकाम्या, आणि त्यांच्या मधे धुळीत हँडलाच्या लांबीचा स्वच्छ पट्टा. "आता शेठची गवाही काढा साहेब. 'मोटर दोनदा फट्फट् करून बोलली.' रोटर कमरंला असताना? लिंबाजीनं ऐकलं न्हाय, कारण बोललीच न्हाय. जे झालं न्हाय ते ऐकणारा माणूस एकच असतो, त्या आवाजाची ज्याला गरज असते तो. फटाक्याचा धंदा, फट्फट् तोंडात बसलेलं."

फौजदार शेठकडं वळले. "बाबूराव, काल पहाटे कुठं होतात?"

"मी... खालच्या वळणावर..."

"जीप कुणी चालवली?"

"ड्रायव्हर गावी गेलाय. मीच."

"आणि सोमवारी, उद्या, महारुद्रची साक्ष कुणाविरुद्ध होती?" हे फौजदारांनी जमादाराकडून वाटेत ऐकलं होतं, आत्तापर्यंत ते त्यांना महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

बाबूरावशेठचा रुमाल खाली पडला. "समजावलं होतं त्याला," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "कडी होती असं नको म्हणू, एवढंच. तो म्हणाला, म्हाळसाबाईनं माझ्या मांडीवर जीव सोडला, तिला काय सांगू? पाठ फिरवून चालायला लागला. एक ड्रायव्हर! माझ्याकडं पाठ..."

आणि ते झेपावले. बारीक हँडल जीपच्या तोंडातून ओढून काढलं आणि नागप्पाच्या डोक्यावर उगारलं. नागप्पा वाकला, हँडल खांद्यावर बसलं, हाड वाजलं. दुसरा घाव उठण्याआधी लिंबाजीची काठी फिरली. ती मनगटावर बसली आणि मधोमध मोडली. मनगटही. बाबूरावशेठ गुडघ्यांवर आले. हँडल रस्त्यावर खणखणत गेलं आणि महारुद्रच्या मोटरीच्या चाकाला टेकून थांबलं. ती मोटर अजून चालूच होती.

जमादारानं अंबादासच्या बेड्या काढल्या. त्याच बेड्या शेठच्या हातात बसवल्या. मोडक्या मनगटावर त्या घट्ट बसल्या.

आता कुणी काय भरलं ते बघू.

मथुराबाई, म्हाळसाबाई आणि तुळजाबाई यांनी जिवानं किंमत भरली. महारुद्रनंही. सोमवारी कोर्टात त्याच्या जागी बानूबाई उभी राहिली आणि तिनं खोक पडलेलं हँडल टेबलावर ठेवलं. बाबूरावांना सेशन कोर्टानं फाशी सांगितली, वरच्या कोर्टानं जन्मठेप केली. कारखान्याच्या दारांना आता बाहेरून कडी नाही. दारंच नाहीत, छप्परही नाही. नागप्पाचा खांदा पावसाळ्यात ठणकतो. लिंबाजीनं नवी काठी केली, पण तो कोर्टाच्या तारखांना गेला असताना लांडग्यानं दोन कोकरं नेली.

फौजदार वसंतरावांना या तपासाबद्दल शाबासकीचा कागद आला.

आणि अंबादास? त्यांनी मोजलेल्या तिन्ही गोष्टी त्याला मिळाल्या. अख्खा रस्ता मिळाला. थपडेची बाकी उरली नाही. मोटर बिघडली की लोक आता आधी त्यालाच विचारतात. फक्त उजवा अंगठा पुन्हा कधी वळला नाही. येडशी स्टेशनवर रेल्वे आली की यात्रेकरू मोटरीत बसतात, अंबादास स्टिअरिंगवर बसतो, आणि सिताबाई पदर खोचून पुढं येते. हँडल भोकात घालते. चारी बोटं एका बाजूनं, आणि अंगठाही त्याच बाजूला.